परिशिष्ट क

निघताना कचेरीने दिलं:
एक मोजपट्टी, गमबूट, अर्धी टाकी डिझेल
आणि वनमंडळाच्या मागच्या बैठकीचं इतिवृत्त.
सगळे विषय एकमताने मंजूर.

दरीचं नाव वालेआ सुर्दा. म्हणजे बहिरी दरी.
रोमानियाच्या नकाशावर ती माझ्या नखाएवढी.

इथे झाड पाडायचं तर आधी त्याला हातोडा लागतो.
बुंध्याशी साल सोलायची, उघड्या लाकडावर
सरकारी शिक्का ठोकायचा: आकडा, अक्षर, भोवती चौकोन.
शिक्का नसेल तर चोरी,
असेल तर महसूल.
हातोडा तिजोरीत,
तिजोरीची किल्ली वनरक्षक इलारिए तोमोयागाच्या पट्ट्याला,
आणि किल्लीची नोंद माझ्याकडे.

दोन दिवस खोडं मोजली.
गुडघाभर बर्फ. हातमोज्याने एकेक खोड पुसायचं,
शाळेतून आलेल्या पोराचं नाक पुसावं तसं,
आणि खाली शिक्का. ठसठशीत. प्रत्येकाला.
एकशे चाळीस वहीत, एकशे चाळीस डोंगरावर.
कुंपणाने शेत खाल्लं म्हणावं
तर कुंपणाकडे पावती आहे.

धारेपलीकडच्या उताराबद्दल फाइल म्हणते:
दुर्गम. पाहणीची आवश्यकता नाही.
इलारिएने मला तिकडे नेलं नाही.
दाखवलं नाही असंही नाही.
काठी बर्फात रोवली, टोक त्या दिशेला कललेलं,
आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला.
तुमच्या आधीचा रक्षक कुठे असतो, मी विचारलं.
इथेच, म्हणाला. चर्चच्या मागे, तिसरी रांग.

रस्त्याच्या वळणावर पारास्किवा होज्दाचं घर.
तिने चहा ठेवला, आणि मी न विचारताच
फडताळातून काढली एक बरणी. घेवड्याची.
झोप येत नाही, म्हणाली, नवरा गेल्यापासून.
ट्रक गेला की खिडकीची काच कापते.
भरलेला, खाली जाणारा. रिकामा वर गेलेला मी धरत नाही.
काच कापली की उठते, एक दाणा टाकते.
लिहून का नाही ठेवत?
लिहिलेलं मागायला लोक येतात, बाई.
घेवडा कोण मागतं?

मेणकापडावर आम्ही दोघींनी दाणे ओतले,
दहा-दहाचे ढीग केले.
परवाने अडतीस ट्रकांचे.
दाणे दोनशे बारा.
एक किडका होता. हा धरायचा का?
तोही ट्रकच होता, म्हणाली.

अहवालाच्या नमुन्यात रकाने आहेत:
जात, घेर, हातोड्याचा क्रमांक, शेरा.
घेवड्याला रकाना नाही.
म्हणून परिशिष्ट अ: नकाशा.
परिशिष्ट ब: छायाचित्रं, त्यात माझाच अंगठा.
परिशिष्ट क: बरणी, लाखेने सीलबंद.
तिचं नाव घातलं नाही. लिहिलं, स्थानिक स्रोत,
जणू एखादा झराच.

तीन आठवड्यांनी आवक विभागाची पोच आली.
परिशिष्ट क मिळाले. घेवडा, पांढरा.
वजन पाव किलोला किंचित कमी.
ओल नाही. खाण्यास योग्य.
मंडळाच्या बैठकीत विषय क्रमांक सात होता,
एकमताने पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब.

आता एक गोष्ट, जी मी कुठेच नोंदवलेली नाही.
सील करताना किडका दाणा मी काढून घेतला.
तो माझ्या कोटाच्या खिशात आहे,
बसच्या तिकिटांमध्ये.
अहवालात दोनशे बारा, बरणीत दोनशे अकरा.
माझ्या नोकरीत अशा फरकाला कारणे दाखवा नोटीस निघते.

टपाल आलं की मी आधी पाकिटांवरचे शिक्के बघते.
एका दाण्याचा हिशेब मागणारं पत्र
अजून आलेलं नाही.